उतरवण्याची वेळ

वीस मीटर. फक्कीच्या दोन रेघा,
मधे शाळेचं मैदान, वडणग्याच्या वेशीबाहेरचं,
आणि माझ्या मोबाईलमधली शिटी
जी दर मिनिटाला जराशी घाई करते.
ती वाजायच्या आत पलीकडची रेघ गाठायची,
दोनदा चुकलं की बसायचं. एवढाच खेळ.
आकडा वहीत, वही तालुक्याला.

सातवी ब. छत्तीस पोरं. मार्चचा पहिला आठवडा,
साडेदहाचं ऊन. घ्यायचं होतं आठलाच,
पण आठला प्रार्थना, मग पाहुणे, मग पाहुण्यांचं भाषण
आरोग्यावर.

चौथ्या पातळीला संग्राम बसला, "बाई, बुटात खडा."
पाचवीला एकदम नऊजण.
अल्फिया बागवान पळत राहिली.

पुस्तकात होतं, मूल म्हणजे लहान मापाचा माणूस नव्हे.
मला ते आधीच ठाऊक होतं, गुऱ्हाळावरून.
आबा गुळव्या. त्यांनी पाडलेला तीस किलोचा रवा
पहाटेपर्यंत पोटात ऊब धरून असायचा,
मांजर त्याला चिकटून झोपायचं.
आणि आम्हा पोरांना दिलेला लिंबाएवढा खडा
एका हातातून दुसऱ्या हातात जाईस्तोवर गार.
जीव थोडा, अंग उघडं फार.
म्हणून तर डिसेंबरात तळ्यातून निघालेल्या पोरांचे ओठ
आपल्याआधी जांभळे पडतात,
आणि उन्हात तेच उघडं अंग
बाहेरची आग आत ओढून घेतं.

त्यात घाम कमी.
माझा टी-शर्ट पाठीला चिकटलाय, मी नुसती उभी आहे.
तिच्या कपाळावर चार थेंब, मोजून,
आणि तोंड असं, की रश्श्यावरची तर्री.
रक्त कातडीपाशी येऊन थांबलंय वारा शोधत,
उकाड्यात माणसं दाराबाहेर येऊन बसतात तसं.

सहा.
माझ्या एका पावलात तिची दोन,
म्हणजे तेवढ्याच वाटेला जळण जास्त.
चुलवाणात चिपाडं सारावीत तसा श्वास,
सारली की भडका, भडकला की पुन्हा सार.
सकाळी काय खाल्लं असेल हिनं?
खिचडीला अजून दीड तास आहे.

सात.
विश्वतेज रेघेवर ओणवा झाला. आता ती एकटी.
पोरी ओरडतायत, "आल्फे, सोडू नगंस!"

आबा उकळत्या काहिलीत हात घालायचे.
आधी बोटं गार पाण्यात, मग पाकात, मग परत पाण्यात,
गोळी वळून थाळीवर टाकायचे, आवाज ऐकायचे.
म्हणायचे, जाळ घालणारे ढीगभर मिळतील,
उतरवणारा एक लागतो.
अलीकडं उतरवलं तर काकवी,
पलीकडं गेलं तर काळं, मग बाजारात कोण हात लावत नाही.

मी रेघेवर गेले. ती वळली तशी
वेणीखाली, मानेवर, पालथा हात ठेवला.
तवा. कोरडा तवा.

"बस."
"बाई, आठवी आलीच हुती की!"
"आली असती. बस."
आणि ती रडायला लागली. सगळ्या पळण्यात
निघालं नव्हतं एवढं पाणी डोळ्यांतून.

लिंबाखाली बसवली. मानेवर ओला टॉवेल,
मडक्यातलं पाणी, मीठ-गूळ घालून, घोट घोट.
मनगटावर बोट ठेवून घड्याळ बघत होते.
आधी ठोके हाताला लागेनात, एवढी गर्दी.
मग दोन मिनिटांत सुटे झाले,
मोजता येण्याएवढे, मग शहाण्यासारखे.
माझ्या छातीत अजून धडधड चाललेली.
मी तर वीस पावलंच पळाले होते.

वहीत सात लिहिलं.
पुढं साडे घालावं का, रकान्यात बसेना.
शेऱ्यात लिहिलं: थांबली नाही. थांबवली.

वर बघते तर टॉवेल लिंबाच्या फांदीवर,
आणि टाकीपाशी पोरींच्यात ती, लंगडी घालत,
एका पायावर, भर उन्हात.
"आल्फिया! सावलीत!"
ती वळून हसली, आणि सावलीपर्यंत
लंगडतच आली.